तबकडी खरी, आवाज कोणाचा?

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांच्या वेळी एक चिठ्ठी पुढे आली होती. मजकूर असा: ‘सर, आजोबांच्या लोखंडी पेटीत साठ-सत्तर रेकॉर्डी निघाल्या आहेत. त्यातल्या अस्सल कोणत्या, बनावट कोणत्या, हे कसं ओळखायचं? आणि अंदाजे किती येतील?’ त्या दिवशी वेळ संपली होती, म्हणून ‘पुढच्या वेळी बोलू’ असं म्हणून मी सुटका करून घेतली. खरं सांगायचं तर वेळेपेक्षा धीर कमी पडला होता. या विषयात मी एकदा सपशेल चुकलेलो आहे, आणि ती चूक सांगितल्याशिवाय इथं उभं राहून बोलणं मला बरं वाटत नाही. ती सांगेन. आधी जरा मागून येतो.

आपण धाराशिवात बसलो आहोत, तेव्हा परीक्षेचा विषय निघाला की पाय तेरकडे वळतातच. गोरोबाकाकांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकलेली आहे. संतमंडळी जमली आहेत. मुक्ताबाई म्हणते, काका, यातली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती, तेवढं सांगा. गोरोबा थापटणं उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सगळे गप्प बसतात, नामदेव तेवढे कुरकुरतात. निकाल: हे मडकं कच्चं. इथं हशा होतो आणि बुवा पुढे जातात. मी मात्र या गोष्टीपाशी पुष्कळ वर्षं अडकलेलो आहे. एक तर परीक्षा घेणारा माणूस कुंभार आहे. मडकी जमवणारा नव्हे. माती तुडवलेला, आवा लावलेला, बिघडलेली मडकी स्वतः फेकून दिलेला. दुसरं असं की थापटण्यानं कळतं काय? मडकं भाजलंय की नाही, एवढंच. ते कोणत्या कुंभाराच्या चाकावरचं, हे थापटून कळत नाही. पक्कं आणि खरं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

लाखेच्या जुन्या तबकडीचं हुबेहूब असंच आहे. मधल्या भोकात बोट घालून ती टांगती धरा आणि कडेला हलकी टिचकी मारा. धड असेल तर खणखणते, केसाएवढी चीर गेली असेल तर बद्द वाजते. एवढं जरूर करा. पण बनावट तबकडीही खणखणते, हे लक्षात असू द्या.

मग अस्सल म्हणजे काय? त्यासाठी ही वस्तू होते कशी, ते कुंभाराच्या नजरेनं पाहावं लागेल. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गायिकेनं कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या हेलकाव्यानं सुईनं मेणाच्या जाड चकतीवर रेघ कोरायची. त्या मेणावर धातूचा थर चढवला की उलटा साचा मिळतो, तो मास्टर. त्याच्यापासून सुलटा, तो मदर. मदरपासून पुन्हा उलटे साचे, ते स्टँपर. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचा गरम गोळा दोन स्टँपरमध्ये दाबला की तबकडी तयार. (जगभरच्या या धंद्याला लाख बव्हंशी आपल्या देशातून जायची, हे जाता जाता.) सुरुवातीला ही मेणं जर्मनीत हॅनोव्हरला पाठवत. तिथल्या कामगाराला बाई कोण आणि राग कोणता, काय कळणार? म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगून टाकी. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला, पुढे तो डमडमला गेला, पण जन्माची रीत तीच राहिली.

म्हणजे बघा, मेण, मास्टर, मदर, स्टँपर आणि मग तुमच्या हातातली तबकडी. हा वंश आहे. मेणावर कोरलेला साच्याचा क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतो, आजोबांचं नाक नातवाला यावं तसा. अस्सल तबकडी म्हणजे जिचा हा वंश कुठेही तुटलेला नाही ती. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये एक भेद केला आहे. चित्राची बनावट प्रत होऊ शकते, स्वरलिपीत लिहिलेल्या संगीताची होऊ शकत नाही. कारण लिपी बरोबर उतरवली की प्रत मूळाइतकीच मूळ. धातूवर कोरून छापलेली चित्रं मात्र त्यानं पहिल्या गटात घातली. प्रती अनेक असल्या तरी खरी तीच, जी त्या मूळ पत्र्यावरून निघाली. गुडमनच्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य संगीत होतं. आपल्या ख्यालाचं काय? बंदिश लिहिता येते, पण खाँसाहेबांनी त्या दिवशी पंचमावर जो विसावा घेतला तो कुठं लिहिणार? आपल्याकडे ती रेघ हीच एकमेव लिपी आहे. म्हणून माझ्या मते आपली ध्वनिमुद्रिका त्या कोरीव छापाच्या शेजारी बसते, आणि म्हणूनच तिची बनावट प्रत होऊ शकते.

आता चिठ्ठी पाठवणाऱ्याचं काम. बनावट करणाऱ्याकडे मूळ साचा नसतो. त्याच्याकडे असते एक वाजवून झिजलेली तबकडी. ती तो वाजवतो, पुन्हा मुद्रित करतो, नवा साचा करतो. यातच तो सापडतो. जुन्या तबकडीची खरखर नव्या रेघेत कोरली जाते. तेव्हा पृष्ठभाग आधी उजेडात तिरपा धरून पाहा आणि मग ऐका. अंगावर ओरखडा नाही, पण आवाजात चरचर आणि टकटक आहे, म्हणजे म्हातारपण या तबकडीचं नाही, तिच्या आईचं आहे. दुसरं, लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामधल्या कोऱ्या पट्ट्यात क्रमांक बघा, भिंग घेऊन. लेबलवर विक्रीचा क्रमांक असतो, पट्ट्यात साच्याचा. दोन्ही वेगळे असतात म्हणून घाबरू नका, ते वेगळेच असायचे. पण त्यांची जोडी ठरलेली असते आणि ती सूचीत मिळते. मायकेल किनियर या अभ्यासकानं १८९९ ते १९०८ च्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये पुस्तकरूपानं दिली. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स हेच काम करत आली आहे. या लोकांनी आकडे जुळवत आयुष्यं घालवली. आपले संगीतसमीक्षक त्यांना हौशी म्हणतात, हे मला पटत नाही. पाठभेद न पाहता ज्ञानेश्वरीवर बोलणाऱ्याला आपण विद्वान म्हणू का?

तिसरी खूण काळाची. ग्रामोफोन कंपनीच्या जुन्या लेबलांवर लेखणीनं तबकडीवर लिहिणारा देवदूत आहे. कर्ण्यापुढचा कुत्रा नंतर आला. अगदी सुरुवातीच्या तबकड्या एका बाजूनेच मुद्रित आहेत. मायक्रोफोनचं मुद्रण १९२५ नंतरचं. त्याआधीच्या कर्ण्याला तंबोऱ्याची गुंजन नीट ऐकूच येत नसे. तेव्हा लेबल १९१० चं सांगत असेल आणि तंबोरा मागे मऊ घुमत असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय. आणि चौथी खूण, जी मी पाहायची विसरलो: जुन्या तबकडीचं लेबल खळीनं चिकटवलेलं नसतं. दाबतानाच ते गरम लाखेत बसतं. नख फिरवलं तर कडा लागता कामा नये.

या सगळ्याला एवढं महत्त्व का आलं? पैसा. इंग्लंडच्या उत्तर भागात १९७० च्या दशकात कामगारवर्गातली तरुण मुलं रात्र-रात्र अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतावर नाचत. त्यातही कुणी न ऐकलेली, न खपलेली गाणी हवीत, हा हट्ट. वाजवणारे आपली तबकडी दुसऱ्याला सापडू नये म्हणून लेबल झाकत आणि गायकाचं भलतंच नाव सांगत. फ्रँक विल्सन या गायकाचं १९६५ चं एक गाणं असंच एडी फॉस्टर या नावानं वाजत राहिलं. त्या तबकडीच्या मूळ प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, आणि २००९ मध्ये एक प्रत २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. आपल्याकडचं उदाहरण घ्या. बाहेर लाखेचा जमाना संपत आला तरी आपल्या कारखान्यात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघतच होत्या, त्यामुळे बीटल्सचीही गाणी इथं त्या रूपात निघाली. आज परदेशी संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. आपल्या मागासपणाला असा भाव येईल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?

यात एक घोळ मात्र करू नका. नवी प्रत म्हणजे बनावट प्रत नव्हे. चरणजित सिंग यांची १९८२ ची, सिंथेसायझरवर राग वाजवलेली तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली. त्यात खोटं काही नाही, कारण ती आपलं वय लपवत नाही. बनावटपणा वस्तूत नसतोच. वस्तू स्वतःबद्दल जे सांगते, त्यात असतो.

आणि इथं मला बाजाराशी भांडायचं आहे. बाजार म्हणतो, वंश शुद्ध आहे ना, मग झालं. मी म्हणतो, नाही झालं. वंश शुद्ध असलेली तबकडीसुद्धा खोटी साक्ष देऊ शकते.

माझ्याकडे कर्ण्याच्या काळातली एक तबकडी आहे. अस्सल. क्रमांक जुळतात, लेबल जुळतं, सगळं जुळतं. वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवताना मी ती वर्षानुवर्षं लावत असे आणि त्या गायकाच्या आवाजातल्या अस्वस्थ, धापा टाकणाऱ्या आर्ततेवर बोलत असे. चांगलं बोलत असे, मुलं लिहून घेत. एके वर्षी पेटी वाजवणारा एक मुलगा तास संपल्यावर आला. म्हणाला, ‘सर, हे माणूस गातंय असं वाटत नाही, कुणीतरी मागं लागल्यासारखं वाटतंय. वेग बरोबर आहे का?’ मी म्हटलं, अरे, ७८ वरच लावलीय. तो म्हणाला, त्या काळी ७८ ठरलेलंच नव्हतं ना सर?

बरोबर होतं त्याचं. कर्ण्याच्या काळात वेग पक्का नव्हता, सत्तरीपासून ऐंशीपर्यंत कुठेही असे. ७४ वर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर लावा, सूर जवळजवळ अर्ध्यानं चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनला जातो. तान वीसेक टक्क्यांनी नाही, पाचच टक्क्यांनी वेगवान होते, पण कंप बदलतो, श्वास आखूड होतो, आवाज तरुण आणि घाबरा होतो. आम्ही दोघांनी बसून वेग कमी करत नेला. शेवटी तो गायक आपलं नाव सांगतो. बोलण्याचा आवाज माणसासारखा वाटेपर्यंत कमी केला आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. आर्तता गेली. एक स्थिर, थोडा आळशी, मजेत गाणारा माणूस समोर आला. माझी वीस वर्षांची टिपणं मोटरच्या वेगावरचं भाष्य होती.

म्हणून सांगतो, वाहिन्यांवर चढवलेल्या जुन्या मुद्रणांवर ‘काय ती फिरत, काय ती तडफ’ असं लिहिणाऱ्या समीक्षकाला माझा पहिला प्रश्न असतो: वेग कुणी ठरवला? त्यानं उत्तर दिलं तर पुढचं वाचतो. उलट एखाद्यानं झिजलेल्या तबकडीवरून, मूळ साचा नसताना, वेग तपासून केलेली प्रत बाजाराच्या लेखी फुटक्या कवडीची असेल, पण ती गायकाबद्दल खरं सांगते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो जाणकारांकडून येतो. ते म्हणतात, आकडे, लेबलं, वेग कशाला? ज्याचा कान तयार आहे त्याला दोन स्वरांत कळतं. आता माझी चूक सांगायची वेळ आली.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावचे गृहस्थ तबकड्यांची पेटी घेऊन माझ्याकडे आले. विहिरीचं काम अर्ध्यावर अडलं होतं. पेटीत एका तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव. मी हात धुऊन ती घेतली, लावली आणि ऐकली. तोच बारीक, तारेसारखा सूर, तीच स्वराला कुरवाळायची पद्धत. मी डोळे मिटले आणि म्हटलं, हा सूर दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. कागदावर लिहूनही दिलं, सहीनिशी. त्या कागदाच्या भरवशावर पुण्याच्या एका संग्राहकानं ती चांगल्या पैशाला घेतली. महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं, अतिशय सभ्य. पट्ट्यातला क्रमांक खाँसाहेबांच्या कोणत्याच मुद्रणाशी जुळत नव्हता. त्यांनी लेबलच्या कडेला नख लावलं, तर ते उचकटलं. खाली दुसरं लेबल.

पैसे परत करायचे होते आणि ते तोवर विहिरीत गेले होते. अर्धे मी घातले. ते गृहस्थ मला दोन वर्षं थोडे-थोडे आणून देत होते. मी नको म्हणायचो, ते ऐकायचे नाहीत. फसवणूक कुणी केली म्हणाल तर कुणीच नाही. त्यांच्या वडिलांना आठवत होतं: खाँसाहेबांची तबकडी घरात होती, ती पोरांच्या हातून फुटली. आजोबांना करमेना. त्यांनी तुकड्यावरचं लेबल भिजवून काढलं आणि दुसऱ्या एका तबकडीवर खळीनं चिकटवलं. देवाचा फोटो फाटला तर आपण चौकट ठेवून देतो, तसं. चिकटवणारा भक्त होता, विकणारा अजाण होता, आणि प्रमाणपत्र देणारा मी तत्त्वज्ञानातला डॉक्टर होतो.

माझं चुकलं कुठं? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाध येईपर्यंत ते खरं धरा. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञान खरं की नाही हे दुसऱ्या कशानं तरी ठरवावं लागतं. तळं दिसलं हे पुरेसं नाही, तहान भागली तर पाणी. मी आयुष्यभर वर्गात नैयायिकांची बाजू लढवली आणि तबकडी हातात आल्यावर मीमांसक झालो. त्याहून वाईट म्हणजे, मला वाटलं लेबल हा एक पुरावा आणि माझा कान हा दुसरा. दोन साक्षीदार जुळले. पण दुसरा साक्षीदार पहिल्याच्या तोंडून ऐकून आला होता. माझ्या कानानं आधी लेबल वाचलं आणि मग तेच ऐकलं. लेबल झाकून ती मला ऐकवली असती तर मी काय म्हटलं असतं? खाँसाहेबांची सावली अख्ख्या महाराष्ट्रावर आणि कर्नाटकावर पडली होती. त्यांच्यासारखं गाण्याचा ध्यास घेतलेली माणसं गावोगाव होती. मी एवढंच म्हटलं असतं की हा कुणीतरी किराण्याच्या वाटेवरचा गायक आहे. आणि ते खरं ठरलं असतं.

तेव्हा कान तयार असावाच, पण त्याची साक्ष शेवटी घ्यावी आणि लेबल झाकून घ्यावी.

असं चुकायला आपण तयार का होतो, याचंही एक कारण आहे. आपल्या संगीताच्या इतिहासात मोठ्या पोकळ्या आहेत. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते; केसरबाई, मोगूबाई त्यांच्याकडे शिकल्या, पण त्यांच्या स्वतःच्या गाण्याची तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचंही तसंच. बालगंधर्वांच्या गाण्यातून, मास्तर कृष्णरावांच्या गाण्यातून आपण बुवांना अंदाजानं ऐकतो. अशा ठिकाणी दर काही वर्षांनी वावडी उठते की अमक्याच्या माळ्यावर एक तबकडी आहे. मला त्या वावड्यांचा राग येत नाही. मूल हरवलेल्या घरात दाराची कडी वाजली की सगळे उठतात, तसं ते आहे. पण समीक्षकानं तरी दार उघडण्यापूर्वी कोण आहे ते विचारावं. नाही तर एक दिवस कुणाच्या तरी ताना बुवांच्या नावावर चढतील, पोरं त्या गिरवतील, आणि पुढच्या पिढीत ‘बुवांची गायकी अशीच होती’ याला तीच पोरं पुरावा होतील. पैसे बुडाले तर दोन वर्षांत फिटतात, ते मी पाहिलं आहे.

पेटीतल्या रेकॉर्डींचं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की लेबलं घासू नका, पाण्यात बुडवू नका, स्पिरिट तर लाखेला अजिबात लावू नका, ती विरघळते. तबकड्या उभ्या ठेवा. पट्ट्यातले क्रमांक वहीत उतरवा. मोठ्या नावांच्या बाजूला काढून उरलेल्या भंगारात देऊ नका. किमतीचं मला खरंच सांगता येणार नाही. माझ्या अंदाजाची किंमत तुम्ही आत्ताच ऐकलीत.

ती तबकडी पुण्याच्या गृहस्थांनी मला परत पाठवली, फुकट. खालचं लेबल सोलताना बरंच गेलं. गायकाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं उरली आहेत: ‘बुवा’. नाव नाही, आडनाव नाही. पट्ट्यातला क्रमांक शाबूत आहे आणि तो मी आज फळ्यावर लिहून ठेवला आहे. ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी जुनी विक्रीची यादी असेल, कंपनीनं दुकानदारांना वाटलेली, तर त्यात तो शोधा. तीन मिनिटांचं गाणं आहे. इतकी वर्षं खाँसाहेबांच्या नावाखाली हा माणूस गात होता आणि आमच्यापैकी कुणी त्याला ऐकलं नाही. आता लावतो. वेग मी ७६ ठेवला आहे. पेटीवाल्यांना चुकीचा वाटला तर हात वर करा.